अवरक्त वर्णपटावरून मूलपेशींचं विभेदन कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात पेशींची डिश आहे आणि शेजारच्या इमारतीत एफटीआयआर (नमुना कोणता अवरक्त प्रकाश किती शोषतो ते मोजणारं) उपकरण आहे, अशांसाठी ही उत्तरं आहेत. विभेदन म्हणजे मूलपेशीचं हाड, चरबी अशा ठरावीक प्रकारच्या पेशीत होणारं रूपांतर. पट्टा म्हणजे वर्णपटात प्रकाश जास्त शोषला गेलेला भाग. खाली येणारे पट्ट्यांचे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंग बसतात त्याचे आहेत. एकक प्रति सेंटिमीटर, ते दरवेळी पुन्हा लिहिलेलं नाही.

अवरक्त प्रकाशातून मूलपेशीबद्दल नेमकं काय कळतं?

पेशीत कोणते रासायनिक बंध किती प्रमाणात आहेत, एवढंच. प्रथिनांचे दोन ठळक पट्टे १६५५ आणि १५४५ च्या आसपास दिसतात. त्यांना अमाइड एक आणि अमाइड दोन म्हणतात. चरबीच्या लांब साखळ्या २९२० आणि २८५० ला दिसतात, तर तिच्यातला एस्टर बंध १७४० ला. डीएनए-आरएनएमधला फॉस्फेट १२४० आणि १०८० ला, ग्लायकोजेन १०२५, १०८० आणि ११५० ला. पेशी हाडाच्या, चरबीच्या किंवा कूर्चेच्या वाटेला लागली की ही प्रमाणं बदलतात, आणि तो बदल रंग किंवा अँटिबॉडी न वापरता मोजता येतो.

कोणता जीन चालू झाला, कोणतं प्रथिन तयार झालं, हे मात्र वर्णपट सांगत नाही. हजारो प्रथिनांची बेरीज एकाच अमाइड पट्ट्यात असते. ‘अमुक आकड्याला पीक (पट्ट्याचं टोक) दिसलं म्हणजे हाडाच्या पेशींचं ऑस्टिओकॅल्सिन आहे’ असं कोणी लिहिलं असेल तर तिथेच वाचन थांबवावं.

मग सीडी मार्कर (पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळखीच्या खुणा) आणि रंजन (पेशी रंगवून पाहणं) बंद करता येईल का?

नाही. मेसेनकायमल मूलपेशी (अस्थिमज्जा, चरबी, नाळ यांतून मिळणाऱ्या) म्हणवून घ्यायला २००६ पासून मान्य असलेले निकष आजही लागतात: प्लॅस्टिकला चिकटून वाढणं, सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ किमान ९५ टक्के पेशींवर असणं, सीडी४५, सीडी३४ वगैरे रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांपेक्षा जास्त नसणं, आणि हाड, चरबी, कूर्चा या तिन्ही दिशांना जाण्याची क्षमता. वर्णपट यानंतर कामाला येतो. एकाच प्रयोगात वारंवार, थोड्या नमुन्यात, स्वस्तात पाहता येतं हा त्याचा फायदा. प्रत्येक टप्प्यावर एक जुळी डिश अलिझरीन रेड, ऑइल रेड ओ किंवा अल्शियन ब्लूसाठी (अनुक्रमे खनिज, चरबी आणि कूर्चा रंगवणारे रंग) राखून ठेवा. ती नसेल तर वर्णपटातला बदल कशाचा, हे ठरवायला काहीच आधार उरत नाही.

पेशी कशावर वाढवायच्या?

नेहमीच्या डिशमध्ये वाढवून, काढून, एटीआरच्या (नमुना स्फटिकाला टेकवून मोजायची पद्धत) डायमंडवर वाळवणं हा सर्वांत सोपा मार्ग. पेशी न काढता जागच्या जागी पाहायच्या असतील तर आधाराचा प्रश्न येतो. साधी काच साधारण २००० च्या खाली प्रकाश जाऊच देत नाही, म्हणजे आपल्या कामाचा सगळा भाग तिथेच बुडतो. पॉलिस्टायरीनचे स्वतःचेच पट्टे भरपूर. कॅल्शियम फ्लोराइड पेशींना मानवतं, पाण्यात विरघळत नाही, पण साधारण १००० च्या खाली अपारदर्शक होतं; हाडाच्या खनिजाचा अर्धा भाग त्यात कापला जातो. बेरियम फ्लोराइड ८०० पर्यंत चालतं, मात्र पाण्यात किंचित विरघळतं आणि विषारी आहे, त्यामुळे तीन आठवड्यांच्या कल्चरला ते नको. चांदीचा मुलामा दिलेल्या परावर्तक काचा स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर पट्ट्यांची उंची पेशीच्या जाडीबरोबर सरळ वाढत नाही. विभेदनात पेशीची जाडीच बदलत असते. म्हणून त्या टाळलेल्या बऱ्या.

हाडाच्या दिशेने जाणाऱ्या पेशींत काय, केव्हा दिसतं?

नेहमीचं मीडियम म्हणजे वाढीच्या मीडियममध्ये डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ५० मायक्रोमोलर. साधं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल मीडियममध्ये लवकर ऑक्सिडाइझ होतं, म्हणून त्याचं फॉस्फेट रूप वापरावं किंवा दर बदलीला ताजं घालावं. दर तीन दिवसांनी बदली, एकूण २१ दिवस.

पहिल्या आठवड्यात फारसं हाती लागत नाही. मग कोलॅजन साचू लागतं आणि १३३८, १२८०, १२४० व १२०४ ला बारीक उंचवटे येतात. ते दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये (वक्राची बारीक वळणं ठळक करणारं गणित) जास्त स्पष्ट दिसतात. खनिज साधारण १४ ते २१ दिवसांच्या दरम्यान येतं. ९०० ते १२०० मध्ये १०३० भोवती मोठा फॉस्फेट पट्टा, त्याला ९६० चा छोटा जोडीदार, आणि कार्बोनेटमुळे ८७२ ला बारीक पीक. खनिज आणि प्रथिन यांचं गुणोत्तर काढायला ९०० ते १२०० चं क्षेत्रफळ भागिले अमाइड एकचं क्षेत्रफळ घेतात. पेशींचा स्वतःचा न्यूक्लिक आम्लाचा आणि साखरेचा वाटाही याच भागात असतो, म्हणून शून्य दिवसाचं गुणोत्तर शून्य येणार नाही. ते आधाररेषा म्हणून धरायचं.

सगळ्यांत उपयोगी खूण बरेच जण पाहतच नाहीत, कारण ती ५०० ते ६५० मध्ये असते. स्फटिकी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट तिथे ५६० आणि ६०० अशी दोन शिंगं दाखवतो. स्फटिक न झालेला कॅल्शियम फॉस्फेट एकच रुंद उंचवटा दाखवतो. ही शिंगं पाहायची तर डायमंड एटीआर आणि डीटीजीएस डिटेक्टर घ्या. द्रव नायट्रोजनवर चालणारे एमसीटी डिटेक्टर बरेचदा ६०० ते ७०० पाशीच थांबतात, आणि झिंक सेलेनाइडचं स्फटिकही तिथपर्यंत पोचत नाही.

खनिजाचा पट्टा आला, म्हणजे पेशी हाडाच्या झाल्या ना?

घाई नको. पेशींचं अल्कलाइन फॉस्फेटेज बीटा-ग्लिसरोफॉस्फेट तोडून फॉस्फेट मोकळा करतं. तो जास्त झाला, की मीडियममधल्या कॅल्शियमबरोबर आपोआप खाली बसतो. मरणाऱ्या पेशींभोवती तर हे हमखास होतं. अलिझरीन रेड अशा गाळालाही लाल रंगवतो, म्हणजे वर्णपट आणि रंजन दोन्ही एकाच वेळी फसतात. म्हणून तीन कंट्रोल हवेत: पेशी न टाकलेली डिश त्याच मीडियममध्ये तितकेच दिवस, त्याच मूलपेशी साध्या मीडियममध्ये तितकेच दिवस, आणि त्वचेचे फायब्रोब्लास्ट हाडाच्या मीडियममध्ये. आधी कोलॅजनचे उंचवटे, मग कार्बोनेटसह दुभंगलेला ५६०-६०० पट्टा, हा क्रम दिसला तर विश्वास ठेवावा. कोलॅजनचा पत्ता नाही आणि फॉस्फेटचा डोंगर उभा, तर तो गाळ समजावा.

चरबीच्या पेशींचं सोपं असतं म्हणतात, खरं का?

सिग्नल मोठा असतो, हे खरं. डेक्सामेथासोन १ मायक्रोमोलर, आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर, इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, इंडोमेथासिन २०० मायक्रोमोलर. दोन ते तीन आठवडे. २८०० ते ३००० चं क्षेत्रफळ आणि १७४० चा एस्टर पट्टा दोन्ही वाढतात. नुसता २९२० वाढला आणि १७४० जागचा हलला नाही, तर ते ट्रायग्लिसराइड नसून साबण, पॅराफिन मेण किंवा मशीनच्या तेलाचा डाग असण्याची शक्यता आधी तपासा.

अडचण धुण्यात आहे. चरबीने भरलेल्या पेशी डिशला सैल चिकटलेल्या असतात आणि तरंगतात. जोरात पिपेट मारला की सर्वांत जास्त बदललेल्या पेशीच वाहून जातात. सेंट्रिफ्यूजनंतर वर साय धरल्यासारखा थर दिसला तर तो टाकायचा नाही, आपल्याला हवा तो नमुना तोच. इथे मेथनॉल किंवा इथेनॉलने फिक्स केलं तर चरबी विरघळून जाते, आणि विभेदन झालंच नाही असा निष्कर्ष निघतो.

आणि कूर्चा?

अडीच लाख पेशींची गोळी, टीजीएफ-बीटा३ (वाढीचा घटक) १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, २१ दिवस. गोळी गोठवून ५ ते ८ मायक्रॉनचे काप घ्या. कापासाठी वापरलेलं ओसीटी (गोठवताना नमुना धरून ठेवणारं जेल) पूर्ण धुतलं गेलं पाहिजे. त्यातली पॉलिमरं नेमकी १०६० च्या प्रोटिओग्लायकनच्या भागातच घुसतात. गोळीच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी पोचतो आणि पेशी मरतात, म्हणून कडेचा आणि मध्याचा वर्णपट वेगवेगळा नोंदवा. सल्फेटचा ८५० चा पट्टा दुबळा असतो. एकट्या त्याच्यावर दावा करू नये.

प्लुरिपोटंट (शरीरातल्या कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या) पेशींमध्ये ग्लायकोजेन पाहावं का?

पाहता येतं, पण ग्लायकोजेन पेशीच्या जेवणावर अवलंबून असतं. मीडियम बदलल्यानंतर ४ तासांनी घेतलेला आणि ४० तासांनी घेतलेला नमुना दोन वेगळ्या पेशींचा वाटू शकतो. बदलीपासून नमुन्यापर्यंतचे तास सर्व दिवशी सारखे ठेवा.

नमुना कसा तयार करायचा? सगळे इथेच अडतात.

अडतात, कारण वर्णपटातले निम्मे ‘शोध’ धुण्यातून जन्माला येतात. एटीआरसाठी चालणारी पद्धत अशी.

डिशमधलं मीडियम काढा आणि ०.९ टक्के सोडियम क्लोराइडने दोनदा हलकेच धुवा. पीबीएस (फॉस्फेट घातलेलं सलाइन) नको: त्यातला फॉस्फेट वाळला की ९५० ते ११०० मध्ये स्वतःचे पट्टे उभे करतो. सोडियम क्लोराइड या भागात प्रकाश शोषत नाही. पेशी ट्रिप्सिनने काढल्या तर सीरम असलेल्या मीडियमने ट्रिप्सिन थांबवून पुन्हा तीनदा सलाइनने धुणं भाग आहे, नाहीतर सीरमचं प्रथिन पेशींच्या नावावर जमा होतं. खनिज धरलेल्या पेशींना ट्रिप्सिन-ईडीटीए लावूच नका. ईडीटीए कॅल्शियम खेचून घेतं आणि तीन आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत विरघळते. त्या स्क्रेपरने खरवडून काढाव्यात.

३०० जी वर ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज. फिक्स करायचं असेल तर सलाइनमध्ये बनवलेलं ४ टक्के फॉर्मल्डिहाइड, १५ मिनिटं. बाजारातल्या तयार ‘न्यूट्रल बफर्ड’ फॉर्मॅलिनमध्ये पुन्हा फॉस्फेटच असतो. फिक्स झालेल्या पेशी डिस्टिल्ड पाण्याने पटकन दोनदा धुता येतात, म्हणजे मीठ निघून जातं. जिवंत पेशींना पाणी लावलं तर त्या फुगून फुटतात. खनिजाचे नमुने पाण्यात ठेवून चहाला जाऊ नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून डिस्टिल्ड पाणी किंचित आम्लधर्मी झालेलं असतं.

दहा लाख पेशी १० मायक्रोलिटरमध्ये घ्या. त्यातले २ मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे दोन लाख पेशी, डायमंडवर सोडा. थेंब वाळताना पेशी कडेला सरकून कडं तयार होतं, तर डायमंडचा मध्य रिकामा राहतो. टोकाने हलकेच पसरवलेला थेंब बरा. वाळला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका: दर दोन मिनिटांनी वर्णपट घ्या, ३३०० चा रुंद पट्टा आणि अमाइड एक यांचं गुणोत्तर सलग तीनदा सारखं आलं की वाळला. वाळलेल्या थेंबाला वरून दाबायची गरज नसते.

किती स्कॅन, किती रिझोल्यूशन?

रिझोल्यूशन ४, स्कॅन ६४ ते १२८. बॅकग्राउंडही तितक्याच स्कॅनचं, आणि दर १५-२० मिनिटांनी नवं. प्रत्येक नमुन्याचे तीन स्वतंत्र थेंब. एटीआरचे आणि आरपार प्रकाशाचे वर्णपट एका ढिगात मिसळू नका. एटीआरमध्ये प्रकाश नमुन्यात शिरतो ती खोली तरंगलांबीबरोबर वाढते (डायमंडवर १००० ला सुमारे २ मायक्रॉन, जर्मेनियमवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास), त्यामुळे कमी आकड्यांचे पट्टे उंच दिसतात आणि थोडे सरकतातही.

जिवंत पेशी पाहता येतील का?

येतील, पण पाणी आडवं येतं. पाण्याचा १६४५ चा पट्टा अमाइड एकच्या डोक्यावरच बसतो. आरपार मोजायचं तर पाण्याचा थर १० मायक्रॉनपेक्षा पातळ हवा. एवढ्याशा फटीत पेशी दिवसेंदिवस जगवणं कठीण. एटीआरच्या स्फटिकावरच पेशी वाढवल्या तर फक्त खालचा एक-दोन मायक्रॉनचा थर दिसतो: पेशीचं बूड दिसतं, वर साचणारं खनिज किंवा तेलाचे मोठे थेंब कदाचित दिसत नाहीत. जिवंत पेशीत डीएनएचा फॉस्फेट पट्टा १२२५ जवळ असतो आणि वाळल्यावर १२४० कडे सरकतो. त्यामुळे ओल्या आणि कोरड्या नमुन्यांची तुलना करून ‘डीएनए बदलला’ म्हणणं चूक.

पेशींना हात न लावता, फक्त वापरलेल्या मीडियमवरून काही कळतं का?

हा मार्ग दुर्लक्षित राहिला आहे. बदलीच्या वेळी नाहीतरी टाकून द्यायचं मीडियम असतं. त्यात ग्लुकोज घटताना १०३३ व १०८० खाली येतात आणि लॅक्टेट वाढताना ११२५ व १५७५ वर जातात. सीरमचं प्रथिन सगळं झाकून टाकतं, म्हणून १० किलोडाल्टनच्या गाळणीतून सेंट्रिफ्यूज करून खालचं द्रव वाळवा. या गाळण्यांच्या पडद्याला ग्लिसरीन लावलेलं असतं आणि त्याचे पट्टे थेट साखरेच्या भागात येतात. आधी दोन-तीन वेळा पाणी गाळून फेकून द्या. हे मोजमाप चयापचयाचं आहे, ओळखीचं नाही. तीच डिश शेवटपर्यंत जिवंत राहते, हे त्याचं मोल.

पुण्याच्या पावसाळ्यात वर्णपट का बिघडतो?

जून ते सप्टेंबर हवेतली वाफ १४०० ते १८०० मध्ये बारीक काट्यांची रांग उभी करते, नेमकी अमाइडच्या अंगावर. दुसरं डेरिव्हेटिव्ह काढलं की हे काटे खऱ्या पट्ट्यांहून मोठे होतात. उपाय तीन: नमुना ठेवून झाकण बंद केल्यावर निदान १५ मिनिटं कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह, बॅकग्राउंड आणि नमुना यांच्यात सारखाच वेळ, आणि उपकरणाचं तोंड उघडून तासन्‌तास गप्पा न मारणं. नमुन्याच्या वर्णपटात १८०० ते १९०० मध्ये काटे दिसत असतील तर तो वर्णपट बाद.

पोटॅशियम ब्रोमाइडचे बीमस्प्लिटर आणि खिडक्या दमट हवेने पांढुरक्या पडतात आणि परत साफ होत नाहीत. म्हणून उपकरण चोवीस तास चालू ठेवतात, आतली उष्णता ओल धरू देत नाही. रंग बदललेली सिलिका जेल १२० अंशांवर ओव्हनमध्ये काही तास तापवून परत वापरता येते. कल्चर गणेशखिंडीत आणि उपकरण पाषाणला अशी परिस्थिती असेल तर ओले नमुने दुचाकीवरून नेऊ नका. फिक्स करून, वाळवून, सिलिका जेलच्या बंद डब्यातून न्या.

पेशींचा नसलेला पट्टा कसा ओळखायचा?

रसायनशास्त्र विभागाचा डायमंड म्हणजे गावची विहीर, सगळ्यांचे पोहरे तिथेच पडतात. सिलिकॉन ग्रीस आणि काही हातमोज्यांचा थर १२६०, १०२० ते ११०० आणि ८०० ला दिसतो. मधला भाग पाहून अनेकांना खनिज सापडल्याचा आनंद होतो. १२६० चं टोकदार पीक आणि ८०० सोबत असेल तर ते ग्रीस. प्लॅस्टिकमधले थॅलेट १७२५ ला चरबीचा भास देतात. नुकत्याच वितळवलेल्या पेशींत डीएमएसओ (पेशी गोठवताना घालतात ते) राहिलं तर १०२० जवळ ठळक पट्टा येतो. १९०० ते २३०० मधला गोंधळ डायमंडचा स्वतःचा आणि २३५० चा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा. दोन्हीकडे दुर्लक्ष करा. आयसोप्रोपॅनॉलने पुसून, रिकाम्या डायमंडचा वर्णपट सपाट आल्याशिवाय पहिला थेंब टाकू नये.

सूक्ष्मदर्शकाखालच्या वर्णपटाची बेसलाइन लाटेसारखी का येते?

पेशीचा आणि केंद्रकाचा आकार अवरक्त तरंगलांबीच्या जवळपास असल्याने प्रकाश विखुरतो. याला, गुस्ताव मी या शास्त्रज्ञाच्या नावावरून, ‘मी’ विकिरण म्हणतात. अमाइड एकच्या वरच्या बाजूला, १७०० जवळ, खड्डा पडतो आणि पट्ट्याचं टोक खाली सरकतं. ते सरकणं प्रथिनाची घडी बदलल्यासारखं दिसतं. दुरुस्तीसाठी ‘मी’ विकिरण धरून केलेलं ईएमएससी (विखुरण्याचा वाटा गणिताने वजा करणं) वापरतात. खरा धोका पुढे आहे: तेलाचे थेंब आणि खनिजाचे कण जास्त विखुरतात, त्यामुळे संगणकाचं वर्गीकरण रसायन न शिकता विखुरणं शिकतं आणि तरी ९९ टक्के अचूक येतं.

आकडेमोड कशी करावी?

आधी बाद करा: अमाइड एकचं शोषण फार कमी किंवा फार जास्त (आरपार मोजताना ०.२ ते १.० च्या बाहेर), वाफेचे काटे, मिठाचे स्फटिक. मग सॅवित्स्की-गोले दुसरं डेरिव्हेटिव्ह ९ ते १३ बिंदूंचं, मग व्हेक्टर नॉर्मलायझेशन (सगळे वर्णपट एका मापात आणणं), मग पीसीए (वर्णपटांमधले मुख्य फरक वेगळे काढणारं गणित). चरबीच्या नमुन्यात नॉर्मलायझेशनमुळे प्रथिन ‘घटल्यासारखं’ दिसतं; ते फक्त वाटणीचं गणित असतं.

एका डिशमधले २०० वर्णपट म्हणजे एकच नमुना. तीन दाते किंवा किमान तीन स्वतंत्र बॅच हव्यात, आणि मॉडेल तपासताना अख्खी बॅच बाहेर ठेवायची. वर्णपट सरमिसळ करून थोडे बाहेर ठेवले तर मॉडेल बॅच ओळखतं, विभेदन नाही. शून्य दिवसाचे सगळे नमुने सोमवारी आणि एकविसाव्या दिवसाचे सगळे शुक्रवारी मोजले, तर फरक वाराचाही असू शकतो. वाळवलेले नमुने साठवून, क्रम उलटसुलट करून एकाच बैठकीत मोजणं चांगलं.

परवानगी लागते का?

मानवी मूलपेशी असतील तर हो. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीकडे जावं लागतं. दात्याकडून नाळ, चरबी किंवा अस्थिमज्जा घेणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती त्याआधी.

पहिला प्रयोग कोणता करावा?

चरबीचा. तीन दात्यांच्या पेशी. शून्य दिवशी एकेक डिश, मग ७, १४ आणि २१ दिवसांना साधं आणि चरबीचं अशी दोन मीडियमं: एकूण २१ डिश. प्रत्येकीचे तीन थेंब, म्हणजे ६३ वर्णपट. शिवाय ऑइल रेड ओसाठी तितक्याच जुळ्या डिश आणि पेशी नसलेली एक. मोजणी दीड-दोन दिवसांत होते. नोव्हेंबरात पेशी लावल्या तर पुण्याची कोरडी हवा फुकटात मिळते.